दुखायचा थांबलेला दात

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकलं की सुजलेला गाल खाली ओढतो, म्हणून या वेळी मनातल्या मनात.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? इकडे मी ठीक, असं लिहिणार होतो, पण अर्धा जबडा बधिर असताना खोटं बोलणंही जड जातं.

तुला माहीतच आहे, कात्री हाताशी असली तरी दोरा दातानेच तोडायची आपल्या घरातली रीत. (बाबांच्या पुढच्या दाताला तर खाच पडली होती, लोक त्यावरून शिंपी ओळखायचे.) माझा तोच दात मध्यंतरी दुखायला लागला. चहाचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात, आणि घोट पोटात गेला तरी कळ आपली तिथेच ठाण मांडून. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने औषध सांगितलं. मी दाताखाली लवंग धरली. एके सकाळी दुखणं गायब! मग काय, मी गिऱ्हाइकांची मापं घेता घेता त्यांना लवंगाही वाटायला लागलो. फुकटचा वैद्यच झालो म्हण ना. पुढे गाल असा सुजला की चष्मा एका बाजूने वर चढला.

डॉक्टरीणबाई तरुण, पण करारी. त्यांनी थंडगार बोळा शेजारच्या दाताला लावला, मी खुर्चीतून उडालो. या दाताला लावला, काहीच नाही. मी म्हटलं, "बघा, बरा झालाय!" त्या म्हणाल्या, "काका, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. आतली नस मेलीय. वरून दात धड दिसतो, मुळाशी पू साचलाय. कळ रेंगाळत होती तेव्हाच यायचं होतंत. आता आतलं सगळं साफ करून भरलं, तर दात वाचेल." यालाच रूट कॅनाल म्हणतात.

ताई, तुझी भावजय गेली त्याला वर्ष होईल. मी तेव्हा रडलो नाही. लगेच दुकान उघडलं. तुम्ही सगळे म्हणालात, सावरला बुवा. मलाही तसंच वाटलं होतं. आणि त्या खुर्चीत, आ वासलेला, तोंडात नळी खळखळतेय, अशा थाटात मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. बाईंना वाटलं, इंजेक्शन लागलंच नाही, म्हणून त्यांनी आणखी एक टोचलं. "तसं नाही हो" म्हणायला गेलो तर नुसतं "आ आ" निघालं. आता नाकसुद्धा माझं वाटत नाही, पण रडू काही बधिर झालं नाही. उरलेलं घरी येऊन मशीनपाशी बसून रडलो. तिची फार आठवण येते गं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – दातावर टोपी बसेपर्यंत दोरा तोडायचा नाही, असं बजावलंय. (टोपी बसल्यावरही नाही, असंही त्या म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही.)

आणखी ता. क. – मागे तू "राहायला येऊ का?" विचारलंस, तेव्हा मी "कशाला उगाच" म्हणालो. ये. दातासाठी नको, त्याला डॉक्टर आहे. तिचं कपाट अजून उघडलेलं नाही. एकट्याने होत नाही.