पाटीवर राहून गेलेला शब्द

वलाता, ४ जमादिलाखर

प्रिय माकनदादास, धाकट्या कुम्बाचा सलाम. वि. वि.

तू मिठाच्या खाणीकडे निघालास त्याला आज एकवीस दिवस झाले. घरी सगळे बरे आहेत. आजोबांचा हात अजून थरथरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. काल त्यांनी मामाला भर ओट्यावर विचारलं की नमाजाला उशीर झाला तो उंटामुळे की बायकोमुळे. मामा अजून फुगलेला आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू निघताना आजोबांच्या ऐवजी मी लाकडी पाटीवर प्रवासाची दुआ लिहिली, पाटी धुतली आणि ते शाईचं पाणी तू प्यायलास. परवा माझी सरावाची पाटी हाती लागली. तिच्यावरूनच मी उतरवून घेतलं होतं. तिच्यात एक शब्द नाही. चार वेळा मोजून पाहिलं. अख्ख्या दुआमधून मला गाळायला ‘राखणदार’ हाच शब्द मिळाला.

आजोबांना अजून सांगितलेलं नाही. घरात अक्षर शिकलेली मी पहिलीच मुलगी, आणि मामा आधीपासून म्हणतोय की मुलीला अक्षरं आली की तिची झोप जाते. पण तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही. दुआ पोटात आहे म्हणून तू नको ते धाडस करशील. तेवढं करू नकोस. बाबांच्या वेळी शेवटच्या विहिरीवरून पुढे पाठवलेला जासूद गावात पोचलाच नाही. ताफा येतोय हे कुणाला कळलं नाही, चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन कुणी सामोरं गेलं नाही. आपल्या पखाली या भिंतीवर टांगलेल्याच राहिल्या. त्या खुंट्या मला रोज दिसतात.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी
कुम्बा


तघाझा, ५ रज्जब

चि. कुम्बा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इथे घरं मिठाच्या लाद्यांची, वर उंटाची कातडी, पाणी खारट आणि माशा माणसांहून जास्त. अशा ठिकाणी हसायला काही मिळत नाही. तू मिळवून दिलंस.

आमचा म्हातारा वाटाड्या इदिर, तोच या खेपेला जासूद म्हणून पुढे जाणार आहे. त्याला तुझी चूक सांगितली. तो म्हणाला, पोटाला कुठे वाचता येतं! त्याची तीस वर्षं याच वाटेवर गेली आहेत. वाळूचा वास घेऊन तो जागा सांगतो. मीही हसलो. पण रात्री पखाली मोजायला बसलो. खरं सांगायचं तर तुझ्या त्या पाण्याच्या जोरावर मी विहिरीवर न थांबता सरळ निघायचं ठरवलं होतं. तो बेत सोडला. आणि या खेपेला एकाऐवजी दोन जासूद पाठवणार आहे. इदिर सरळ वाटेने येईल, अमास्तान नावाचा तरुण पूर्वेच्या वाटेने, दोन दिवस उशिरा. ताफ्यातले लोक मला हसतात, एका लग्नाला दोन वराती म्हणतात. हसू देत.

उत्तरेकडचे व्यापारी इथे आता आपल्या राजाचं नाव आदराने घेतात. पूर्वी आपण कुठले ते सांगावं लागायचं, आता वलाता म्हटलं की जागा करून देतात. मामाला सांग, त्याला बरं वाटेल.

आजोबांना मात्र खरं सांगून टाक.

माकन


तसराहला, १७ रज्जब

चि. कुम्बा हिस आशीर्वाद.

विहिरीवर पोचलो. दोन्ही जासूद सोडून आम्ही एकोणीस माणसं आणि चाळीस उंट आहोत. इथे तीन दिवस थांबून निघू. शाबानचा चंद्र दिसेल तेव्हा आमच्या पखाली रिकाम्या झालेल्या असतील. नेहमीच्या जागी पाणी घेऊन या. हेच पत्र दोघांकडे दिलं आहे. जे आधी येईल ते खरं माना.

माकन


वलाता, २६ रज्जब

प्रिय दादास सलाम. वि. वि.

हे पत्र मामाबरोबर, म्हणजे पाण्याबरोबर पाठवते आहे. वाचण्याआधी पाणी पी.

काल अमास्तान आला. ओठ फुटलेले, पण पत्र कोरडं. इदिर त्याच्या दोन दिवस आधीच यायला हवा होता. तो आलेला नाही.

राजाचा अंमल बसल्यापासून विहिरींवर सुभेदाराचा पहारा आहे, हे तुला ठाऊकच आहे. मामा मला घेऊन त्याच्यापुढे गेला. सुभेदार तीन हातांवर बसला होता, तरी सगळं बोलणं दुभाष्यामार्फत. त्याने विचारलं की पत्रावर ‘दोघांकडे दिलं आहे’ असं का, आजवर एकच जासूद येत आला आहे, यात काही डाव तर नाही? मामा माझ्याकडे बघायला लागला. मग मी पाटीपासून सगळं सांगितलं, भरल्या सभेत. दुभाषा मध्येच थांबला, मला हळूच म्हणाला, बाई, हे खरंच सांगू का? मी म्हटलं, शब्द न गाळता सांगा.

मग सुभेदाराने मध-दूध घातलेली बाजरीची भरड अर्ध्या भोपळ्यातून माझ्यापुढे ठेवायला लावली आणि विहीर उघडायला सांगितलं. मी भोपळा मामाकडे सरकवला. मामाने तो चाटून पुसून साफ केला.

आजोबांनाही सांगितलं. ते म्हणाले, त्यांना आधीच ठाऊक होतं. पाटी धुताना त्यांनी पाहिलं होतं. मग थांबवलं का नाही, असं मी विचारलं. त्यांनी कूस बदलली. दादा, मला वाटतं त्यांना आता नीट दिसत नाही आणि ते कबूल करत नाहीत. हे कुणाला सांगू नकोस.

इदिर तुमच्याकडे परतला असेल तर बरं होईल.

कुम्बा


वाळूतून, १ शाबान

चि. कुम्बा हिस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी चंद्र दिसला, आणि त्याच्या खाली मामा. उंटावर बसूनच ओरडत होता की मी बाबांसारखा हट्टी आहे. मग खाली उतरला आणि रडला. एकोणीसच्या एकोणीस आहोत. आठ उंट गेले.

इदिर परतलेला नाही.

तुला एक सांगायला हवं, तू माझ्यापासून लपवलं नाहीस म्हणून. तसराहलाहून पुढे निघताना इदिर थट्टेने म्हणाला, तुझ्या बहिणीची दुआ मलाही पाज, पण पुरती पाज. मी स्वतः लिहिली. ‘राखणदार’ आधी लिहिला आणि बाकीचं त्याच्याभोवती. एकही शब्द सुटला नव्हता, तीनदा वाचला. तो प्यायला, तोंड पुसलं, म्हणाला शाई कडू आहे, आणि निघाला. तुझी चूक पोटात घेऊन मी इथे पाणी पितो आहे. याचा अर्थ मला लागत नाही. आजोबांना विचारणार होतो, पण नको.

ताफा मामाबरोबर येतोय. मी सहा पखाली घेऊन इदिरच्या वाटेने मागे जातो. अमास्तानला पाठवू नका, त्याला झोपू द्या. इदिरच्या बायकोला काय सांगायचं ते तू ठरव. तू जे सांगशील ते ती खरं मानेल.

माकन


वलाता, ६ शाबान

प्रिय दादास सलाम. वि. वि.

इदिरच्या बायकोला मी काही ठरवून सांगितलं नाही. तुझं पत्र होतं तसं वाचून दाखवलं, कडू शाईसकट. ती म्हणाली, त्याला कडू काहीच आवडायचं नाही. मग तिने पाटी मागितली. दुआ तू परत यावास म्हणून लिहू की इदिर यावा म्हणून, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाणी दोघांना पुरेल एवढं घाल. मी लिहिलं, मोजलं, आणि तिने विचारण्याआधीच सांगितलं की शब्द पुरे आहेत. ती सगळं प्यायली. त्याने काय होईल हे मला ठाऊक नाही, असंही मी सांगितलं.

मामा काल ताफा घेऊन पोचला. आज सकाळी कुणाला न विचारता तो सुभेदाराकडे गेला. ना जासूद आला होता, ना पाणी मागणारं पत्र. दुभाष्याने विचारलं, पाणी कशाच्या आधारावर मागता? मामा म्हणाला, माझ्या भाचीला झोप येत नाही, या आधारावर. आत्ता तो बारा पखाली भरून तुझ्या मागावर निघतो आहे, आणि हे पत्र त्याच्या कमरेला आहे.

भिंतीवरच्या खुंट्या मोजल्या. एकीवरही पखाल उरलेली नाही.

वाट बघणारी
कुम्बा