पितळी बुश

१२ जून

गणितात शहाण्णव!! आईने मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग मीच तिला उचललं. बाबा कारखान्यातून आले ते हातही न धुता गुणपत्रिका घेऊन बसले. "आता कॉलेज. सायन्स. मग इंजिनिअर." एका दमात माझं सगळं आयुष्य उरकून मोकळे!

मी काही बोलले नाही. आजचा दिवस त्यांचा होता.

१३ जून

बोलले. कॉलेज नको, तंत्रशाळेत जायचंय. लेथ शिकायचंय – धातू फिरवत कापायचं मशीन. बाबांसारखं टर्नर व्हायचंय.

बाबांचा घास हातातच राहिला. "तीस वर्षं उभा आहे मी त्या मशीनपुढे. पोटऱ्यांच्या शिरा बघ माझ्या! कालचा आलेला साहेब खुर्चीत बसून मला 'ए टर्नर' म्हणतो. तुलाही तेच ऐकायचंय?" आई म्हणाली, "एवढे मार्क काय चुलीत घालायला मिळवलेस?"

कसं सांगू यांना! सुट्टीत डबा पोचवायला जायचे तेव्हा बाबा कधीमधी मला साधे कट मारू द्यायचे. लोखंडाची साल वेटोळी घेत निघते, खालून चकचकीत गोल बाहेर येतो, आणि मला ओरडावंसं वाटतं. कुठल्याच धड्याने असं झालेलं नाही.

१५ जून

अबोला. तंत्रशाळेच्या फॉर्मची शेवटची तारीख वीस. पालकांच्या सहीशिवाय तो घेतच नाहीत.

१६ जून

पैज!!!

बाबा स्वतःहून बोलले. रविवारी कारखान्यात मी एक पितळी बुश करायचा – म्हणजे जाड कडीच, आतून कोरलेली. तिच्यात दांडा न ठोकता सरकला पाहिजे, आणि सरकल्यावर डुगडुगता कामा नये. संधी एकच. जमलं तर सही. नाही जमलं तर सायन्स, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"कबूल." – "कबूल." चक्क हात मिळवले आम्ही! आई म्हणाली, "एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं."

१७ जून

दिवसभर घरातल्या प्रत्येक डब्याला झाकण लावून बघतेय. आई उलथणं घेऊन धावली.

१८ जून, रविवार

कारखाना बंद. मी, बाबा, आणि साक्षीदार म्हणून बाबांचे मित्र फिटरकाका. पहिला कट अगदी जपून घेतला. थोडं थोडं करत भोक वाढवत नेलं. शेवटचा कट – मशीन बंद – पुसून लगेच भोकात मापाचा गेज लावला. बरोबर! पुन्हा लावला. बरोबर!! अशी किंचाळले की काकांनी कानावर हात ठेवले. बाबा मागे हाताची घडी घालून उभे. मग म्हणाले, "आधी चहा घेऊ."

चहा घेतला. मी हवेत! मनातल्या मनात फॉर्मही देऊन आले होते.

मग बाबांनी दांडा आणला. जाईना! तोंडाशीच अडला. गेज लावला तर भोक लहान झालेलं! काकांनी बुश हातात फिरवला. "गरमच मोजलास ना गं?"

कापताना जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, तापतो. तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. फरक केसाहूनही कमी – पण तेवढा पुरतो.

'उष्णतेने धातू प्रसरण पावतात.' परीक्षेत लिहिलं होतं मी! पैकीच्या पैकी! आणि गरम बुश हातात असताना डोक्यात प्रकाश पडू नये? मला एकदम हसू फुटलं. आता मेले तरी विसरणार नाही हे! काकांना किती प्रश्न विचारले – पोलादाचं किती आकसतं, बिडाचं किती. ते सांगत गेले, मी विचारत गेले. हरलेय हे मधे विसरलेच होते.

घरी येताना आठवलं. खूप रडले.

१९ जून

शब्द म्हणजे शब्द. सायन्सचा फॉर्म भरला, अक्षरही चांगलं काढलं. बाबांपुढे ठेवला तर, "उद्या करतो सही." जेवलेही नाहीत धड. पैज जिंकलेल्या माणसाने असं तोंड पाडून बसायचं?

२० जून

तंत्रशाळेचा फॉर्म देऊन आले!!! बाबांनी सकाळी सही करूनच हातात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गरम जॉबला गेज लावलास, ते मी बघत होतो. नवख्या कुणालाही मी तिथेच ओरडून थांबवतो. तुला नाही थांबवलं. चहाचंही मीच काढलं – बुश गार व्हावा म्हणून."