सांतासाठी तीन कोटेशनं

३ डिसेंबर

खरेदी विभागात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला कोणी चढ्या दरात काही विकू शकत नाही. हे घरच्यांना दाखवून द्यायची संधी आली आहे.

बायको म्हणाली, या वर्षी सांताबरोबरचा फोटो चौघांचा हवा. मी विचारलं, का. म्हणाली, मुलांच्या तिकडच्या खोलीत लावायला.

तिकडच्या म्हणजे मेहुणीच्या गावी. बायकोला तिथे नोकरी मिळाली आहे, एक जानेवारीपासून. मुलं तिच्याबरोबर जाणार. त्या बेतात माझं नाव नाही. मी खोलात गेलो नाही. माणूस रागात बेत करतो, राग उतरला की रद्द करतो. आमच्याकडे निम्म्या ऑर्डरी अशाच रद्द होतात.

आधीचे सहा फोटो कपाटावर ओळीने आहेत. आज नीट पाहिले. एकातही मी नाही. साहजिक आहे. काउंटरवर कोणीतरी उभं राहावं लागतंच.

संकल्प: तीन कोटेशनं मागवून रीतसर फोटो. दहा तारखेच्या आत. फोटो चांगला आला की बायको आपण होऊन बेत बदलेल. हे तिला आधी सांगायचं नाही. शिवाय ऑफिसची पिशवी बदलायची. बंद उसवला आहे. विषय गेल्या वर्षापासून पडून.

५ डिसेंबर, संध्याकाळ

मॉलमध्ये गेलो. एकटाच. प्राथमिक पाहणी.

सांता दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याशेजारी, कापसाच्या बर्फात. दाढी दर्जेदार. दर वाचून मात्र मला खाली जाऊन बाकावर बसावं लागलं. एक प्रिंट म्हणजे आमचा आठवड्याचा किराणा. फ्रेम वेगळी. ईमेलवर हवा तर ते वेगळं. आपल्या मोबाइलने काढायचा नाही. काढायला गेलं की एक मुलगी डोक्याला हरणाची शिंगं लावून मध्ये येऊन उभी राहते. माझ्यादेखत तिने एका आजोबांना दोनदा अडवलं.

काउंटरवालीला म्हटलं, लेटरहेडवर कोटेशन द्या. ती म्हणाली, काका, दर बोर्डावर आहेत. म्हटलं, बोर्ड फाइलला लावता येत नाही. तिने मला फुगा दिला.

फुगाही फाइलला लावता आला नाही. धाकट्याला दिला.

८ डिसेंबर, रविवार

दुसरं कोटेशन. फर्निचरच्या दुकानात सांता फुकट. मुलांना घेऊन गेलो. बायको आली नाही. खोकी भरायची आहेत म्हणाली.

फुकट म्हणजे काहीतरी विकत घेतल्यावर. चपलांचं रॅक घेतलं, चार कप्प्यांचं. घरात लागणारच होतं. मग आतून सांता आला, हातात हातोडी. धाकट्याने त्याच्या मांडीवर बसायला साफ नकार दिला. म्हणाला, हाच आपलं कपाट घेऊन आला होता, दाराची चौकट मोडली ती यानेच. खरं होतं. चौकट अजून तशीच आहे. शेरा लिहिला: पूर्वानुभव असमाधानकारक.

फोटोचं नाव काढलं नाही. चौघं नसताना काढणं म्हणजे अर्धवट डिलिव्हरी.

येताना दोघांना भूक लागली, मग तहान, मग धाकट्याला बाथरूम, मग थोरलीला उलटी. रॅकसकट टॅक्सी करावी लागली. हा सगळा आनुषंगिक खर्च. तो दरांच्या तक्त्यात धरायचा नसतो.

टॅक्सीत थोरली म्हणाली, बाबा, चार कप्पे कशाला घेतलेस. म्हटलं, आपण चौघं आहोत म्हणून. ती खिडकीबाहेर बघत बसली. दहाव्या वर्षी मुली गप्प होतातच.

१० डिसेंबर

मुदत संपली. मुदतवाढ दिली. पंचवीसपर्यंत.

अडचण तिसऱ्या कोटेशनची. शहरात तिसरा सांता नाही. नियमाला तीन लागतातच.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसच्या स्टोअरचे काका समोर बसले होते. पोट आहे. दाढी आहे, पांढरी, स्वतःची. निवृत्तीला चार महिने. विचारलं, सांता व्हाल का. म्हणाले, पगारी की फुकट. म्हटलं, दर कळवा. त्यांनी मालपावतीच्या पाठीवर लिहून दिलं: एक वेळचं जेवण आणि बसभाडं. खाली सही, तारीख, शिक्का. इतकं नेटकं कोटेशन वर्षभरात पाहिलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

काका नमुन्यादाखल घरी आले. अंगात स्टोअरमधलं आगीच्या सरावाचं लाल जॅकेट. पाठीवर बाण आणि 'बाहेर जाण्याचा मार्ग'.

घरभर खोकी. बायको चिकटपट्टी लावत होती. काकांनी तिच्या हातातून पट्टी घेतली. म्हणाले, अगं सूनबाई, असं नव्हे, तळाला दोन आडव्या मारायच्या, नाहीतर जिन्यातच संसार सांडेल. अकरा खोकी बांधली. प्रत्येकावर नंबर घातला. बाराव्यात धाकट्याला बसवून घरभर ढकललं. थोरली हसली. बऱ्याच दिवसांनी. धाकट्याने काकांच्या कानात काहीतरी मागितलं. काका माझ्याकडे बघत त्याला म्हणाले, स्टॉकमध्ये आहे का ते बघावं लागेल, बाळा.

जेवणं झाल्यावर बायकोने मोबाइल शेल्फवर टेकवला. टायमर लावला. मला म्हणाली, चल, बस. काका मध्ये, आपण चौघं बाजूला. दहा सेकंदांचं काम.

मी नाही म्हटलं. तक्ता व्हायचा होता. तुलना न करता ऑर्डर देणं म्हणजे अठरा वर्षांवर पाणी सोडणं. शिवाय मागे खोकी दिसत होती.

टायमर चालूच होता. फोटो निघाला. त्यात सगळे उजवीकडे बघताहेत. उजवीकडे मी, नाही म्हणत.

जिना उतरताना काका म्हणाले, साहेब, माल दारात आला की उतरवून घ्यावा. काका माणूस चांगला आहे. पण ऑफिसची भाषा घरी वापरतो.

१८ डिसेंबर

तुलनात्मक तक्ता तयार. सर्वांत कमी दर काकांचा, पण तांत्रिक कारणाने अपात्र: जॅकेटवर बाण. फर्निचरवाला पूर्वानुभवामुळे बाद. उरला मॉल. सर्वांत महाग. पण आता महाग का, याला कागद आहे.

तक्ता बायकोकडे मंजुरीला ठेवला. तिने न वाचता सही केली आणि स्वतःचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. मुलांचे शाळेचे दाखले काढायचा अर्ज, वडिलांच्या सहीसाठी. मी मात्र वाचून सही केली. तिसऱ्या प्रतीवर तारीख चुकली होती. दुरुस्त करून दिली. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती. बहुधा कौतुकाने.

तिकिटं सव्वीसची, सकाळची. चौकशी केली. निघायच्या चार तास आधीपर्यंत रद्द होतात. फारसं कापत नाहीत. आशादायक.

२२ डिसेंबर, रविवार

चौघं मॉलमध्ये. कपडे इस्त्रीचे. धाकट्याचा भांग पाण्याने बसवलेला.

दीड तास रांग. पुढे दोनच कुटुंबं उरली आणि मला खांबावरचा कागद दिसला. चोवीस तारखेला संध्याकाळी पाच ते सहा, अर्धा दर.

सगळ्यांना रांगेतून बाहेर काढलं. बायको म्हणाली, पूर्ण पैसे मी भरते. म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही, दराचा आहे. थोरली तिला म्हणाली, चल आई, बाबाचा दर अजून आलेला नाही.

धाकट्याने फरशीवर बसकण मारली. त्याला उठवायला फिरत्या घोड्यावर तीन फेऱ्या, दोघांना ज्यूस, आणि चालताना दिवे लागतात ते बूट. आनुषंगिक. बायकोने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुला समजतंय ना आपण कशासाठी आलो होतो. म्हटलं, म्हणून तर. परवा नक्की.

२४ डिसेंबर

सविस्तर लिहिणं आवश्यक.

अर्धा दर वाचलेला मी एकटा नव्हतो. अख्खं शहर आलं होतं. साडेचारपासून रांगेत. पाच चाळीसला आमचा नंबर आला. आत पाऊल टाकणार तोच काउंटरवाली म्हणाली, काका, अर्ध्या दराचं कूपन तळमजल्याच्या खिडकीत मिळतं, ते आणा. नाहीतर पूर्ण दर लागेल.

बायकोला म्हटलं, तुम्ही जाऊन बसा, जागा धरा, हा आलोच. धावता यावं म्हणून पिशवी तिच्याकडे दिली. खाली जाणारा जिना बंद होता. वर येणाऱ्यावरून खाली उतरलो. लोक बोलले. खिडकीत माझ्यापुढे तिघं. एकाला सुटे पैसे मी दिले. कूपन मिळालं, शिक्क्यासकट. पाच छप्पन्नला वर. निम्मा दर. अठरा वर्षांतली सर्वोत्तम खरेदी.

फोटो निघाला होता.

फोटोवाली म्हणाली, मॅडमनी दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा मागची रांग ओरडायला लागली. म्हटलं, परत काढा. म्हणाली, एका कूपनवर एकच. दुसरा हवा तर आत्ता बसा, पूर्ण दराने. सांता बसलेला होता. मुलं अजून त्याच्याजवळच होती. बायको बाकावरून उठली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी घड्याळ पाहिलं. पाच सत्तावन्न. तीन मिनिटांत दुसरं कूपन आणणं अवघड होतं, अशक्य नव्हतं.

जिन्यावरच सहा वाजले. परत आलो तेव्हा कापसावरचे दिवे विझले होते आणि सांता दाढी गळ्यात घालून चहा पीत होता. मला म्हणाला, या, बसा. म्हटलं, आता काय उपयोग.

फोटो चांगला आहे, हे मान्य करायला हवं. मध्ये सांता. एका बाजूला मुलं. दुसऱ्या बाजूला बायको. तिच्या आणि सांताच्या मध्ये एका माणसाची जागा. ती कोणी घेऊ नये म्हणून तिने तिथे माझी पिशवी ठेवली आहे. पिशवी अगदी स्पष्ट आली आहे. उसवलेला बंद दिसतो. तोंडातून तक्त्याचा कोपरा डोकावतो.

म्हणजे एका अर्थी मी फोटोत आहे. बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, हो. अगदी तुझ्यासारखा आलाय.

२६ डिसेंबर, सकाळी अकरा

तिकिटं रद्द झाली नाहीत. ती कोणी रद्द करायची, हे ठरलेलं नव्हतं.

अकरा खोकी मोजून गाडीत चढवली. काकांचे नंबर कामी आले. एकही मागे राहिलं नाही. धाकट्याने विचारलं, बाबा, तू कधी येणार. म्हटलं, प्रवासाचे तीन पर्याय मागवलेत, बघतो. त्याने मान डोलावली. त्याला आता पद्धत कळते. मग म्हणाला, काकांना विचार, मी मागितलेलं स्टॉकमध्ये आलं का. काय ते सांगायला तयार नाही. काकांना माहीत आहे म्हणे.

थोरलीने आपल्या केसांतली पिन काढून माझ्या पिशवीचा बंद तात्पुरता अडकवून दिला. फोटो तिच्या मांडीवर होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला.

बायको म्हणाली, जेवत जा वेळेवर. यातून बेत बदलण्याचे संकेत मिळतात का, यावर घरी येईपर्यंत विचार केला.

रॅक जोडलं. स्क्रू एक कमी निघाला. दुकानाला पत्र लिहायचं. एक कप्पा वापरात आहे.

३० डिसेंबर

काकांना विचारलं, धाकट्याने काय मागितलं होतं. ते खणातले कागद लावत बसले. मग म्हणाले, साहेब, ते माझ्या स्टोअरमधलं नव्हतं. तुमच्याकडचं होतं. मी म्हटलं, वर्णन द्या, बघतो. काका म्हणाले, राहू द्या.

५ जानेवारी, रविवार

थोरलीशी फोनवर बोललो. फोटो त्यांच्या खोलीत लागला आहे, खिडकीशेजारी. शेजारचा एक मुलगा खेळायला आला होता. त्याने फोटो पाहिला. म्हणाला, हा सांता, ही तुमची आई, मग बाबा कुठे आहेत. धाकट्याने पिशवीवर बोट ठेवलं. म्हणाला, हे काय.

मी विचारलं, तो मुलगा हसला का.

थोरली म्हणाली, नाही. त्याला खरं वाटलं.

६ जानेवारी

पिशवीची तीन कोटेशनं आली. सर्वांत कमी दर उत्तम आहे. बंदाला वर्षाची हमी. आज मंजूर करायचं होतं.

रद्द केलं. तिकडे जायची वेळ आली आणि हातात दुसरी पिशवी असली, तर धाकटा कसा ओळखणार.