आपल्यात हात काळे करत नाहीत

बाबा, गाझियाबादच्या घरामागच्या अंगणात मी गॅसची भट्टी बांधली आहे. लोखंड तापवायची. तुम्ही असतात तर आधी खिडक्या लावून घेतल्या असत्यात आणि मग दबक्या आवाजात विचारलं असतंत, "शेजारी काय म्हणतील?" तुमची सगळी हयात या एका प्रश्नापुढे मान तुकवण्यात गेली. भंगारवाल्याकडून जाड पाइपचा हातभर तुकडा आणला, आतून सिरॅमिकची पांढरी लोकर बसवली, तिच्यावर आच झेलणाऱ्या सिमेंटचा लेप दिला आणि तो आठवडाभर सुकू दिला. बर्नर मीच जोडला. तीनदा ज्योत नळीत मागे सरकून भप्पकन विझली. चौथ्यांदा गॅसचं तोंड बदललं, हवेची फट कमी केली, आणि भट्टी एकसारखी घुमायला लागली. सळई आत सरकवली, तर थोड्याच वेळात ती संत्र्याच्या सालीसारखी झाली.

आजोबा लोहार होते. हे तीन शब्दांचं वाक्य तुम्ही आयुष्यात एकदाही उच्चारलं नाहीत. मी नऊ वर्षांची असताना ते गावाहून दिल्लीत आपल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले, येताना पिशवीत हातोडा आणि सांडशी घेऊन. मागच्या दारी चार विटा मांडून त्यांनी कोळसे फुलवले आणि आईच्या कुंड्यांसाठी खुरपं घडवायला घेतलं. मी पंख्याने वारा घालतेय. ते म्हणतात, "लाल झालं की घाई करायची पोरी, तोवर गप बसायचं." तेवढ्यात तुम्ही ऑफिसातून येता, माझा हात धरून खेचता. "आपल्यात हात काळे करत नाहीत!" आपल्यात म्हणजे कुणात, बाबा? ज्यांच्या काळ्या हातांनी तुमची फी भरली, ते समोरच उकिडवे बसले होते.

त्याच आठवड्यातल्या रविवारी तुमचे साहेब चहाला आले. मागच्या दारी त्यांना आजोबा दिसले. "ये कौन हैं?" आणि तुम्ही, डोळ्याची पापणीही न लववता, "गाँव से आदमी बुलवाया है सर, छोटे-मोटे काम के लिए." आजोबांना एवढी हिंदी कळत होती. ते उठले, साहेबांना हात जोडले, म्हणाले, "जी साब." मग चहा झाल्यावर कपबशा उचलून मोरीवर घेऊन गेले आणि धुवायला बसले. तुमचं खोटं टिकावं म्हणून. आणि तुम्ही त्यांना धुवू दिल्यात. साहेब गेल्यावरसुद्धा उठवलं नाहीत. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. दोन दिवसांनी आजोबा गावी गेले, ते पुन्हा कधी आले नाहीत. पुढे तुम्हाला बढती मिळाली, आणि तुम्ही पेढे वाटलेत. मोठा पगार, इस्त्रीची पँट, आणि आत एवढासा माणूस. तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्या साधेपणाबद्दल बोलत होते. मला हसू आवरत नव्हतं.

भट्टीवर मी पहिल्यांदा खुरपंच केलं. पातं जरा वाकडं आहे, पण माती उकरतं. गेल्या आठवड्यात शेजारचे निवृत्त अधिकारी भिंतीवरून डोकावले. "कमाल है! ये सब कहाँ से सीखा आपने?"

मी म्हणाले, "बस, इंटरनेट पे देखके. हॉबी है."

"बिल्कुल प्रोफेशनल लगता है," ते म्हणाले, आणि मी खूश होऊन हसले. बाबा, मला कुणाची भीती नव्हती. माझी नोकरी संपलीय, मुलीचं लग्न झालंय, कशालाच धक्का लागणार नव्हता. तरी ते तीन शब्दांचं वाक्य मीही उच्चारलं नाही. उद्या त्यांना बोलावून खरं सांगेन, असं इथे लिहिलं होतं. खोडलंय.