मागच्या खोलीची कडी

मी, खाली सही करणारी, धंद्याने पुस्तके बांधणारी, नात्याने दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

१. आई होण्याची मला हौस नव्हती. पदरी पडले पवित्र झाले म्हणतात. मुले पदरी पडली, एवढे खरे. जेवू घातले, शिकवले, जवळ घेतले नाही. बांधायला येणाऱ्या जुन्या कादंबऱ्यांत अशी आई शेवटच्या प्रकरणात नदीत उडी घेते, नाहीतर तापाने जाते. मला सवड झाली नाही. तरी माझ्यामागे "मनातून फार माया होती हो" असे कुणी म्हणू नये.

२. राहते घर मुलाला. तो माझ्याशी घरमालकिणीशी बोलावे तसा बोलतो, तेव्हा मालकी त्याच्याकडेच जावी. अट कलम ५ मध्ये.

३. मागची खोली लेकीला. तिला बांधणी येत नाही, शिकण्याची गरजही नाही. खोलीला आतून कडी आहे. लेक लहान असताना दुपारी मी ती लावून कामाला बसे आणि ती बाहेर उंबऱ्यावर. तिने दार कधी वाजवले नाही.

गेल्या महिन्यात तिने आपले बाळ आणून माझ्या टेबलावर, पुठ्ठ्यांशेजारी ठेवले.

"आई, याला बघून मला काहीच वाटत नाही गं. माझं काय होणार?"

"काही होत नाही. माझ्याकडे बघ."

ती जास्तच रडली. मला फार वाईट वाटले, हे इथे नमूद करते.

४. कलम १ मधल्या कादंबऱ्यांपैकी लेकीची आवडती मी नव्याने बांधली आहे, तीही तिला. शेवटचे प्रकरण काढून कोरी पाने घातली आहेत. वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले, "बाई, शेवट कुठंय?" म्हटले, "कागद कुजला होता." कागद उत्तम होता.

५. लेक दुपारी कडी लावेल तेव्हा बाळ मुलाने सांभाळावे. त्याचे दुकान तेव्हा बंदच असते, सबब चालणार नाही. बाळाला उंबऱ्यावर बसू देऊ नये. दाराखालच्या फटीतून सावली दिसते. मला ती रोज दिसत असे.

साक्षीदारांना या मृत्युपत्राने एक दाभणही दिलेले नाही, म्हणून त्यांची साक्ष ग्राह्य धरावी.

साक्षीदार : वाचनालयाचे ग्रंथपाल (सही)
शेजारचे शिंपी (सही, दाभणाबद्दल नाराजीसह)

लिहून देणार : आई (सही)
दिनांक : आजचा रविवार, दुपार
ठिकाण : मागची खोली, कडी काढून