मोकळी मात्रा

शनिवार संध्याकाळ, बोर्डी

सायवन गावातल्या उद्याच्या हळदीसाठी मी केलेला बीट विकीदादाने आज वाजवून दाखवला. आत्याचा मुलगा, स्वतःला डीजे म्हणवतो. येतं काय, तर आवाज वाढवणं. मी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या मात्रेवर त्याने स्वतःचं नाव चिकटवलंय: "डीजे विकीऽऽ!"

"काढ ते," म्हटलं.

"अगं, जागा रिकामीच होती ना!"

रिकामी! ढोल शिकवताना त्याच मात्रेला बाबा माझा हात धरून ठेवायचे, ती वाजू नये म्हणून. गाढव कुठला.

बेसचा आवाज फाटतोय, हे मात्र त्याने बरोबर पकडलं. मला कसं नाही ऐकू आलं? लगेच दुरुस्त करून पाठवला. त्या मात्रेवर नाव पुन्हा चिकटवेलच. उद्या ते सायवनभर आणखी स्वच्छ ऐकू येईल.