हेग्स्ट्रॉमबाईंचं खोकं

२ जानेवारी
नवा सीझन. संकल्प तीन.
एक: स्वतःचं रिटर्न जानेवारीतच भरायचं. गेली एकोणीस वर्षं एप्रिलची मुदत टळते आणि मुदतवाढ घेऊन ऑक्टोबर उजाडतो. टॅक्सचा धंदा करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.
दोन: फोरमवर दिवसाला अर्धा तास. फक्त.
तीन: जेवताना बायकोशी, म्हणजे व्हर्नाशी, बोलायचं.
आम्हा एकांड्या टॅक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर माझी अकरा हजार उत्तरं आज पूर्ण झाली. तिथे मी 'शेवटचा शब्द'. नाव माझं मीच घेतलं, पण आता ते लोकांनी दिल्यासारखं वाटतं.
रात्री जेवताना व्हर्ना म्हणाली की खांदा दुखतो. कुठला ते ऐकायचं राहिलं. ओरेगॉनमधल्या एकाला वारसाहक्काबद्दल तातडीने सांगायचं होतं.

६ जानेवारी
समोरचं लोकरीचं दुकान भाड्याने गेलं. पाटी लागली: ओलेस्टॅड टॅक्स. कॅरिन ओलेस्टॅड म्हणजे आपली शाळेची बस चालवणारी. बावन्नाव्या वर्षी परीक्षा पास झाली म्हणे. कौतुक वाटलं, मनापासून. पाटी एप्रिलपर्यंत उतरेल.
हार्डवेअरवाला लिंड म्हणाला, ऑर्विल, आता तुझं काही खरं नाही, गावातलं निम्मं पब्लिक तिने शाळेत पोचवलंय. मी नुसता हसलो. बस चालवणं वेगळं, कायदा वेगळा.

१४ जानेवारी
फोरमवर एक नवं माणूस. नाव 'पहिलाच सीझन'. प्रश्न: क्लायंट किराणा दुकानात गाठून 'एकच छोटा प्रश्न' विचारतात, काय करावं?
मी लिहिलं: हातात दुधाचा कॅन असला तरी थांबा. म्हणा, हे महत्त्वाचं आहे, उद्या ऑफिसात या, कॉफी तयार ठेवतो. आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, एवढंच माणसाला ऐकायचं असतं.
एक्केचाळीस जणांनी 'उपयोगी'चं बटण दाबलं.
संध्याकाळी किराणा दुकानात रिटायर पोस्टमन ड्यूई रास्क आडवा आला. कुत्र्याचा खर्च दाखवता येईल का म्हणाला, कुत्रा घर राखतो. मी म्हटलं, तुझा कुत्रा चोराला कोट काढायला मदत करील. आणि पुढे गेलो. हातात दूध होतं.
माझं रिटर्न: उद्या.

२७ जानेवारी
आजपासून सरकार रिटर्न घ्यायला लागलं, सीझन उघडला. पहिल्या दिवशी तीन क्लायंट. पहिल्या दिवशीची गर्दी म्हणजे नुसता घोळ, त्यापेक्षा हे बरं.
समोर नऊ गाड्या. लोक सवयीने लोकर घ्यायला येत असावेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज हेग्स्ट्रॉमबाईंचा दिवस. सव्वीस वर्षं फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार त्यांचा. बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या आणि वर लिंबाच्या वड्यांचा डबा.
तळ्याकाठी त्यांची खानावळ आहे. शुक्रवारी तिथे मासे खायला अख्खं गाव लोटतं, आणि बाई ज्याच्याकडे खोकं नेतात त्याच्याकडे अख्खं गाव जातं. तीन मुलगे, दोन सुना, स्वयंपाकी, वाढपी, वाढप्याची सासू. बाई गेल्या तर माझं ऑफिस म्हणजे एक हीटर आणि एक खुर्ची. अर्थात जाणार नाहीत.
खुर्ची पुसून ठेवली. पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. आल्या नाहीत. रस्त्यावर बर्फ आहे, आणि बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. नाही आल्या हेच शहाणपणाचं.
वड्यांच्या भरवशावर दुपारी जेवलो नव्हतो.

११ फेब्रुवारी
'पहिलाच सीझन'चा प्रश्न: एक वयस्कर बाई येतील असं वाटतंय. पावत्या खोक्यात आणतात. आधीच्या माणसाकडे खूप वर्षं होत्या. पहिल्या भेटीत कसं वागू?
अशा प्रश्नांसाठीच मी जन्मलो. दीड तास लिहीत होतो. खोकं लगेच उघडू नका. आधी विचारा, गुडघा कसा आहे. गुडघा नसेल तर खांदा असेल, त्या वयात काहीतरी असतंच. उत्तर शेवटपर्यंत ऐका. खायला आणलं असेल तर त्यांच्यासमोर खा. खोकं टेबलावर पालथं करू नका. पावत्या ज्या क्रमाने पडल्या त्या क्रमाने त्या बाईचं वर्ष गेलेलं असतं. वरून एकेक काढा. मध्ये खड्डा दिसला तर विचारा. आणि आधीच्या माणसाबद्दल वाईट बोलू नका, तो गाढव असला तरी.
एकशे तीन 'उपयोगी'. माझा विक्रम. टेक्ससमधल्या एकाने लिहिलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं.
लिहीत असताना व्हर्ना दारात येऊन काहीतरी सांगत होती. डॉक्टरचं, किंवा खांद्याचं, किंवा आमच्या रिटर्नचं. हात वर करून थांबवली. अशा वेळी माणसाचं सुचणं तुटू द्यायचं नसतं.

१७ फेब्रुवारी
हेग्स्ट्रॉमबाईंना फोन करायचं ठरवलं. मग वाटलं, फोन केला तर आपल्याला गरज आहे असं दिसेल. नाही केला, तर आपल्याला गरज नाही असं दिसेल. नाही केला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
व्हर्नाला घेऊन खानावळीत गेलो. नजरेस पडणं चांगलं. बाई गल्ल्यावर होत्या. म्हणाल्या, बस रे ऑर्विल, मासा गरम आहे तोवर खाऊन घे. मी खोक्याचा विषय काढला नाही. त्यांनीही नाही. सव्वीस वर्षांच्या संबंधात न बोलता बरंच काही बोललं जातं.
नंतर त्या आणि व्हर्ना कोपऱ्यात अर्धा तास डोकं जुळवून बसल्या होत्या. मध्येच दोघी माझ्याकडे बघायच्या. मी हात हलवला.
ड्यूई रास्क पलीकडच्या टेबलावर. त्याने कुत्र्याचा विषय काढला नाही. पटलं असावं.

३ मार्च
क्लायंट गेल्या वर्षीच्या निम्मेसुद्धा नाहीत. कारण सापडलं: तळं. यंदा बर्फ जाड आहे. पुरुषमाणसं सगळी तळ्यावर भोकं पाडून मासे धरत बसली आहेत. बर्फ वितळला की दारात रांग लागेल.
समोर रांग आहे. त्यांना मासेमारीची आवड नसावी.
फोरमवर अर्ध्या तासाचा नियम थोडा सैल केला आहे. आज सहा तास.
माझं रिटर्न: उद्या, नक्की.

१२ मार्च
फोरमवर आजचा विषय: न वाचता सही करणारे क्लायंट. सगळ्यांनी आपापली रडगाणी गायली. मी समारोप केला: न वाचता सही करणारा माणूस आणि डोळे मिटून हायवे ओलांडणारी कोंबडी, यांत कोंबडीला निदान पलीकडे जायचं असतं.
हे टाइप करत होतो तेवढ्यात व्हर्ना दोन कागद घेऊन आली. इथे आणि इथे, म्हणाली. केल्या सह्या. आधी वाचतोस का, असं तिने विचारलं. दोनदा. मी म्हटलं, अगं बाई, इथे केवढा महत्त्वाचा विषय चाललाय. विम्याचं काहीतरी असणार.
अठ्ठ्याऐंशी 'उपयोगी'.

२५ मार्च
बर्फ वितळला. रांग नाही.
पोस्टात हेग्स्ट्रॉमबाई भेटल्या. एकट्या, काठीशिवाय. यापेक्षा चांगली संधी नव्हती. मी सरळ विचारलं, बाई, खोकं कुठाय?
बाई म्हणाल्या, समोर दिलं. ओलेस्टॅडच्या पोरीकडे.
मी म्हटलं, सव्वीस वर्षं, बाई.
त्या म्हणाल्या, हो ना. सव्वीस वर्षं तू माझ्या हातातून खोकं घेतलंस, टेबलावर पालथं केलंस, आणि म्हणालास की यातलं अर्धं कचऱ्यात टाका. वड्या ड्रॉवरमध्ये ठेवायचास. त्या पोरीने आधी गुडघा विचारला. ऑपरेशनचं सगळं ऐकून घेतलं, माझ्या सुनांनी ऐकलं नाही इतकं. दोन वड्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. मग एकेक कागद वरून काढायला लागली. जूनपाशी थांबली. म्हणाली, बाई, जूनमध्ये तीन आठवडे एकसुद्धा पावती नाही, काय झालं होतं? जूनमध्ये माझा भाऊ गेला, ऑर्विल. खानावळ बंद होती. तुझं ऑफिस शंभर पावलांवर आहे.
मी म्हणालो, ही एक पद्धत असते, बाई. तिला कोणीतरी शिकवली असणार.
त्या म्हणाल्या, मीही तिला तेच विचारलं. कोणी शिकवलं ते कळलं असतं तर त्याच्याचकडे गेले असते. पण तिलाच त्याचं खरं नाव ठाऊक नाही.
आणि तिकिटं घेऊन निघून गेल्या.
दिवसभर डोक्यात घोळतंय. ती पद्धत कुठेतरी वाचल्यासारखी वाटते. कोणी भला माणूस शत्रूला फुकट शहाणपण वाटतो आहे. असले लोक धंदा बुडवतात. सापडला तर सोडणार नाही.

९ एप्रिल
बाईंमागून तिघे मुलगे, दोघी सुना आणि वाढप्याची सासू, सगळे समोर. ड्यूई रास्कही. जाताना खिडकीतून मला त्याने कुत्र्याचा पंजा हलवून दाखवला.
'पहिलाच सीझन'चे प्रश्न बंद झाले आहेत. बिचारं हरलं असणार. चांगलं होतं माणूस, ऐकायचं.

१५ एप्रिल, दुपारी चार
शेवटचा दिवस. ज्यांचं झालं नाही त्या सगळ्यांच्या मुदतवाढीचे अर्ज पाठवले. एक चूक नाही. खुर्चीत रेलून कॉफी ओतली.

चार वाजून दहा मिनिटं
माझं रिटर्न. मुदतवाढसुद्धा नाही.

पाच
घरी आलो. आमच्या कागदांची निळी फाइल जागेवर नाही. व्हर्नाला विचारलं. ती सूप ढवळत होती. म्हणाली, ते होऊन महिना झाला.
कोणी केलं, मी विचारलं. ती म्हणाली, कॅरिनने. तू सही केलीस की.
मी म्हटलं, मी? ती म्हणाली, बारा मार्च. इथे आणि इथे. एक तिला काम दिल्याचा कागद, एक पाठवायची परवानगी. वाच म्हणून दोनदा सांगितलं. तू कोंबडीबद्दल काहीतरी लिहीत होतास.
मी विचारलं की मला आधी का नाही सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, जानेवारीपासून चारदा सांगितलं. चौथ्या वेळी तू हात वर केलास. बस थांबवतात तसा.

सात
कॅरिन ओलेस्टॅडने केलेलं आमचं रिटर्न तीनदा तपासलं. चूक शोधत होतो. सापडली. धंदा करणाऱ्याला विम्याचा हप्ता वजा करता येतो, आणि ती वजावट सहा वर्षं घ्यायची राहिली होती. ही चूक माझी. तिने यंदाची घेतली आहे, आणि मागच्या वर्षांतली जेवढी अजून सुधारता येतील तेवढ्यांची यादी पेन्सिलने लिहून जोडली आहे. ही वजावट विसरू नका, असं मी फोरमवर दरवर्षी लिहितो.
यादीखाली एक ओळ: आधीच्या माणसाने कागद फार व्यवस्थित ठेवले होते.

१६ एप्रिल
ऑफिसात करण्यासारखं काही नव्हतं. फोरम उघडला. 'पहिलाच सीझन'ची पोस्ट:
सीझन पार पडला. सगळ्यांचे आभार, सगळ्यांत जास्त 'शेवटचा शब्द' यांचे. त्यांचं खोक्याबद्दलचं उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. एक प्रश्न राहिला. माझ्या समोरच एक जुने टॅक्सवाले आहेत. त्यांचं घरचं रिटर्न त्यांच्या बायकोने माझ्याकडून करून घेतलं. त्यांना कळेल तेव्हा वाईट वाटेल. फी परत करावी का? बायको म्हणते, माणूस चांगला आहे, फक्त ऐकत नाही.
चारदा वाचलं. मग खिडकीतून समोर पाहिलं. ती कॉम्प्युटरपुढे बसली होती, डाव्या हातात लिंबाची वडी.
उत्तर लिहिलं. तीन परिच्छेद. स्थानिक परिस्थिती, तळ्यावरचा बर्फ, तंत्र आणि अनुभव यांतला फरक. मग खोडलं. शेवटी पाठवलं: फी ठेवा. पूर्ण.
कोणीही 'उपयोगी' दाबलं नाही. मग एक आलं. समोरून असावं.
दुपारीच घरी गेलो. व्हर्ना खिडक्या पुसत होती, दोन्ही हातांनी. खांदा कसा आहे, मी विचारलं.
ती म्हणाली, मार्चमध्येच बरा झाला. मग फडकं थांबवून माझ्याकडे बघत राहिली, आणि हे विचारायला तुला कोणी सांगितलं, म्हणाली.
मी म्हटलं, मीच.